कलम चौदा

आराखडा आला तेव्हा त्याच्या अंगावर
दुसऱ्याच मुलखाचे कपडे होते.
मुखपृष्ठावर आमच्या विभागाचं नाव, ठळक;
आत पान अकरावर मात्र एक नदी वाहत होती
जी अख्ख्या गयानात नाही.
ती मी खोडली. कामच ते माझं :
यूलाली सेंपल, टंकलेखनिक, एकतीस वर्षं नोकरी,
विभागीय कचेरी, नूटगेडाख्ट.
(गावाचं नाव डच. अर्थ, कधी वाटलंच नव्हतं.
समुद्र हटवून मळे काढले त्यांनी,
म्हणजे काढायला लावले, माझ्या पणजीच्या पणजीला,
आणि नाव ठेवून निघून गेले.)

आता त्यांच्याकडूनच कागद परत आला :
बदलत्या हवामानाशी जुळवून कसं घ्यावं.
तिथून बँकेत, बँकेतून राजधानीत,
राजधानीतून आमच्या टपालात.
वाटेत ज्याने त्याने शिक्का चढवला.
नाकापेक्षा मोती जड.

कलम चौदा : छपरांवर साचणाऱ्या बर्फाचा भार.

सल्लागाराच्या हाताखालचा पोरगा आला होता,
बार्बाडोसचा, मान पुसत.
मी विचारलं, बर्फ?
म्हणाला, राहू द्या. वीस कलमं असली की निधी सुटतो,
एकोणीस भरली तर फॉर्म परत.
शेजारच्या तिघांनी ठेवलंय.

मी राहू दिलं.
दुपारपर्यंत.

दुपारी कॉम्प्टन बुढू आला, पगाराचं विचारायला,
चौथ्यांदा.
कॉम्प्टन कोकरवाला. कोकर म्हणजे बांधातलं दार,
लाकडी, साखळीने उचलायचं :
ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं,
भरती लागायच्या आत पाडायचं.
एवढंच. पण भरती रात्री दोनलाही लागते.
त्याच्या बापाची वही आहे त्याच्याकडे,
साखरेच्या गोणपाटात गुंडाळलेली.
बापाच्या काळी दार साडेपाच तास उघडं राही,
आता पावणेचार.
"समुद्राला घाई आहे, मिस सेंपल," म्हणाला,
"आणि तुमच्या खात्याला नाही."
बसला नाही. बुटांना चिखल होता म्हणून.

तो गेल्यावर मी बर्फ काढला.
त्या जागी टाइप केलं, आराखड्याच्याच गंभीर भाषेत :
प्रत्येक दारापाशी, प्रत्येक रात्री, एक जागा माणूस;
त्यास कंदील, छप्पर आणि महिन्याच्या महिन्याला पगार.
वीसच्या वीस कलमं. क्रमांक हलला नाही.
सभेत सात हात वर गेले,
त्यातला एक डास मारायला.
कुणी वाचलं नाही. वाचलं असतं
तर मला वाटतं ते कलम तिथेच बुडालं असतं.

कागदी घोडे म्हणून हसतात लोक.
हे घोडं चाललं.
दोन वर्षांनी बेलीझहून पत्र :
तुमचं चौदावं कलम घेतलंय,
कंदिलाऐवजी विजेरी चालेल का?
मग सुरिनाम. मग पॅसिफिकमधलं एक बेट,
जे मला भिंग लावून शोधावं लागलं.
तिथे ना बांध, ना दार. तरी माणूस नेमलाय,
किनाऱ्यावर, नुसता जागा.
परिषदांमधून त्याला गयानाची पद्धत म्हणतात म्हणे.
राजधानीने कात्रण धाडलं, वर अभिनंदनाचा शिक्का.

आमच्याकडे?
आमच्या फाइलवर लिहिलंय :
जागा मंजूर. जागा रिक्त.

काल रात्री झोप येईना म्हणून बांधावर गेले.
आधी साखळीचा आवाज आला,
मग दार चिखलात बसल्याचा.
कॉम्प्टन, बिनपगारी, गुडघ्यावर वही,
दार पाडल्याची वेळ लिहीत होता.
मी उजेड धरला.
तीन तास चाळीस, एवढं लिहून
त्याचं पेन अडलं. झटकलं, पुन्हा अडलं.
माझं दिलं.
सरकारी.